नवजात बाळाची उलटी हिरवी असेल तर सकाळची वाट पाहू नका

बालाघाट : बाळ जन्मलं की वजन किती, रंग कसा, कोणावर गेलं, हे सगळेच विचारतात. पहिली काळी शी केव्हा झाली, हे घरातल्या आजीशिवाय फारसं कोणी विचारत नाही. डॉक्टरांच्या लेखी मात्र हा मोठा प्रश्न आहे. पूर्ण दिवसांच्या १०० पैकी ९५ हून जास्त बाळांना ती पहिल्या २४ तासांत होते. झाली नाही, तर आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतू पोचलेच नसण्याची शक्यता असते. शीची जागाच तयार न झालेली बाळंही असतात, साधारण ५,००० जन्मांमागे एक. लंगोट बदलताना नीट पाहिलं तर हे बहुतेक वेळा घरीही कळतं.

पण सर्वांत घाईचं दुखणं हिरव्या उलटीचं. मी कॉमर्सचा माणूस, तरी हे वाचलं तेव्हा थक्क झालो. गर्भाच्या सहाव्या आठवड्यात आतडं इतक्या झपाट्याने वाढतं की पोटात मावत नाही, म्हणून ते नाळेत उतरतं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत आत येतं. या जाण्यायेण्यात ते एकूण २७० अंश, म्हणजे पाऊण फेरी फिरतं आणि पोटाच्या मागच्या भिंतीला रुंद पट्ट्याने धरलं जातं. फिरणं अर्धवट राहिलं तर रुंद पट्ट्याऐवजी बारीक देठ उरतो. त्या देठाला कधीही पीळ पडू शकतो, आणि आतड्याला रक्त नेणारी मुख्य नस त्यातूनच जाते. मग काही तासांत आतडं मरू लागतं.

दूध ओकणं वेगळं, ते पांढरं, फुटल्यासारखं असतं. हिरवा रंग पित्ताचा. पित्त लहान आतड्याच्या सुरुवातीला मिसळतं, म्हणजे अडथळा त्याच्या खाली आहे. सुरुवातीला पोट मऊ असतं, बाळ शांतही दिसतं. इथेच घरचे फसतात. नजर काढणं, गुटी देणं यात रात्र जाते.

वेळेत पोचलं तर इलाज आहे. पीळ सोडवून देठ रुंद करण्याची शस्त्रक्रिया बोस्टनच्या विल्यम लॅड यांनी १९३६ मध्येच मांडली होती.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीत नऊ जन्मजात दोष आहेत: फाटलेला ओठ, वाकडा पाय, हृदयदोष वगैरे. आतड्याचा त्यात एकही नाही. त्यामुळे तपासणीच्या पथकावर विसंबून चालणार नाही, हे माझं मत.

बालाघाटहून गोंदिया जवळ, पण नवजात बाळाच्या पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी बालशल्यचिकित्सक लागतो. तो विभाग जबलपूरच्या मेडिकल कॉलेजात, तसाच नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात आणि एम्समध्ये आहे. आधी जिल्हा रुग्णालयात सलाईन लावून, नाकातून नळी घालून घ्या आणि मगच निघा. आयुष्मान कार्ड योजनेतल्या रुग्णालयात राज्याबाहेरही चालतं. तिथे आपल्याकडे आयुष्मान मित्र, महाराष्ट्रात आरोग्यमित्र असतो, त्याला विचारा.

वाटेत दूध, पाणी, मध काही पाजू नका. बाळाला छातीशी ऊबेत धरा. आणि उलटीचं फडकं धुऊ नका, सोबत न्या, रंग डॉक्टरांनी स्वतः पाहिलेला बरा.