गॅरेजविना गॅरेज रॉक

2001 साली टेरी झ्विगॉफ यांचा ‘घोस्ट वर्ल्ड’ हा अमेरिकन चित्रपट आला. त्याची श्रेयनामावली एका हिंदी गाण्यावर सरकते. एनिड नावाची तरुणी दूरचित्रवाणीच्या पडद्याकडे पाहत आपल्या खोलीत एकटीच नाचत असते. गाणे ‘जान पहचान हो’. चित्रपट 1965 चा ‘गुमनाम’. दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन, आवाज महंमद रफी आणि डोळ्यांवर मुखवटा चढवून नाचणारी लक्ष्मी छाया. छत्तीस वर्षांनी हे गाणे परदेशात नव्याने ऐकले गेले आणि तिथल्या संग्राहकांनी त्याला साठच्या दशकातल्या गॅरेज रॉकच्या पंगतीत बसवले. कानाला ही पंगत पटते. पण गाणे घडले कसे हे पाहिले, की ती अपुरी वाटू लागते.

गॅरेज रॉक म्हणजे अमेरिकेतल्या हौशी पोरांचे संगीत. घराच्या मोटारखान्यात तालीम करायची, स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची, तीन-चार स्वरमेळ जमले की गाणे तयार. स्वरलिपीची गरज नाही. पुढे याच संगीतात प्रतिध्वनी, गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज, ऑर्गन, सतार मिसळली. अमली द्रव्यांतून येणारा अनुभव ध्वनीत पकडण्याचा तो प्रयत्न सायकेडेलिक म्हणवला गेला. 1972 साली लेनी के यांनी अशा विस्मृत तबकड्यांचा ‘नगेट्स’ हा संग्रह काढला आणि या हौशी पोरांना इतिहासात जागा मिळाली.

तिकडच्या चित्रपटांत हे संगीत बाहेरून येत असे. ‘ब्लो-अप’मध्ये (1966) ‘यार्डबर्ड्स’ हा नावाजलेला बँड स्वतःच पडद्यावर वाजवतो. ‘ईझी रायडर’मध्ये (1969) आधी निघालेल्या तबकड्या मोटारसायकलींच्या प्रवासावर वाजतात. बँड आधी, चित्रपट नंतर.

मुंबईत क्रम उलटा होता. गाणे चित्रपटासाठीच जन्माला येई. संगीतकार चाल बांधत; मग संयोजक प्रत्येक वाद्याचा भाग पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून काढी. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा करीत; तालाची बाजू गोव्याचेच दत्ताराम वाडकर सांभाळत. समोर बसलेल्या वादकांतही गोवेकर पुष्कळ. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेले, रात्री हॉटेलात जॅझ वाजवणारे आणि दिवसा स्टुडिओत येणारे हे लोक. ‘जान पहचान हो’मध्ये गिटारची धारदार सुरावट, धावता ड्रम आणि ब्रासचे फटकारे एकमेकांवर आदळतात, तरी कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. हा बेभानपणा शिस्तीतून आलेला आहे.

पडद्यावर ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’ हा खराखुरा बँड दिसतो. पण पडद्यावर वाजवणे आणि ध्वनिमुद्रणात वाजवणे या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शिवाय रॉकला हिंदी चित्रपटात जागा मिळे ती क्लबात, हॉटेलात किंवा अड्ड्यावर. नायकाच्या घरात नाही. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (1971) मधले ‘दम मारो दम’ असेच काठमांडूच्या हिप्पींमध्ये वाजते. राहुलदेव बर्मन यांचे संगीत, आशा भोसले यांचा आवाज आणि पुढे गझलगायक म्हणून ओळखले गेलेले भूपिंदर सिंग यांची गिटार. चित्रपट या जीवनशैलीला दोष देतो, पण लोकांच्या ओठांवर राहिले ते गाणे.

मोटारखान्यातल्यासारखे खरे बँड आपल्याकडेही होते. ‘सिमला’ सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडांच्या 1970 आणि 1971 च्या तबकड्या आज संग्राहक शोधत असतात. हे बँड इंग्रजीत गात. त्यांचा श्रोता महानगरातला. आजच्या जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावापर्यंत इलेक्ट्रिक गिटार पोहोचायची, तर तिची वाट सिनेमा आणि 1957 साली सुरू झालेली विविध भारती, हीच होती. म्हणजे रॉकचा नाद सर्वदूर नेला तो चित्रपटाच्या वाद्यवृंदाने.

नेमकी त्याच माणसांची नोंद झाली नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार, गीतकार, गायक असत, वादक क्वचितच. ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ (2008) या पुस्तकासाठी मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा यातली बरीच नावे प्रथमच अभ्यासाच्या कक्षेत आली. ‘नगेट्स’ने अमेरिकेतल्या एका गाण्यापुरत्या बँडलाही नाव परत दिले, ‘घोस्ट वर्ल्ड’मुळे आपले गाणे जगाला कळले, पण नाव पुढे आले ते रफींचे.

म्हणूनच या गाण्याला नुसते गॅरेज रॉक म्हणण्यात एक तोटा आहे. त्या शब्दात चार हौशी पोरे दिसतात. कागदावरची स्वरलिपी वाचणारा गोवेकर वादक दिसत नाही. श्रेयनामावलीने त्याला एकदा वगळले, वर्गवारीने दुसऱ्यांदा. वाद्यवृंदाचे रॉक असा शब्द आपण रूढ केला, तर निदान त्याला शोधायचे कुठे, हे पुढच्या अभ्यासकाला कळेल.