स्वादुपिंडाच्या रक्तचाचण्या : आकड्याआधी वेळ वाचावी

उदरशूलाचा रुग्ण आला नाही, असा दिवस बीड जिल्ह्यातील वैद्यांच्या चिकित्सालयात क्वचितच जात असेल. अम्लपित्त, अन्नद्रवशूल, परिणामशूल, मूत्राश्मरी अशा अनेक निदानांचा विचार अशा वेळी आपल्याला करावा लागतो. आता असा रुग्ण पुष्कळदा प्रयोगशाळेचा अहवाल हातात घेऊनच येतो आणि त्यावर ‘सीरम अमायलेज’ व ‘सीरम लायपेज’ असे दोन आकडे असतात. हे आकडे कसे वाचावेत, आणि विशेषतः ते ‘नॉर्मल’ असताना काय समजावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चाचणी कशाची?

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते. त्यामुळेच त्याच्या शोथाची वेदना नाभीच्या वर सुरू होऊन पाठीत आरपार जाते व पुढे वाकून बसल्यास काहीशी सुसह्य होते. प्राचीन ग्रंथांतील ‘क्लोम’ म्हणजे हाच अवयव की अन्य, याविषयी आपल्या शास्त्रात मतभेद आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही.

अमायलेज हे पिष्टमय पदार्थांचे, तर लायपेज हे स्निग्ध पदार्थांचे पचन करणारे द्रव्य होय. ही दोन्ही एरवी लहान आतड्यात उतरतात. रक्तात त्यांचा अंश अल्प असतो. स्वादुपिंडाच्या पेशींना इजा झाली की ती रक्तात मिसळतात. अमायलेज मोजण्याची पद्धत वोल्गेमुथ यांनी १९०८ मध्ये मांडली, आणि १९२९ मध्ये एल्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील अमायलेजचा स्वादुपिंडाच्या विकारांशी असलेला संबंध दाखवून दिला. चाचणी जुनी आहे. तिचा अर्थ लावताना होणाऱ्या चुकाही तितक्याच जुन्या आहेत.

वेळेचे गणित

वेदना सुरू झाल्यावर साधारण ६ ते १२ तासांत अमायलेज वाढते आणि ३ ते ५ दिवसांत पूर्वपदावर येते. लायपेज ४ ते ८ तासांत वाढते, सुमारे २४ तासांनी उच्चांक गाठते व ८ ते १४ दिवस वाढलेले राहते. म्हणजेच पहिल्या दोन-तीन तासांत घेतलेले रक्त आणि सहाव्या दिवशी घेतलेले रक्त, दोन्ही आपल्याला फसवू शकतात.

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, गेवराई या तालुक्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. फडावर असताना पोट दुखले तरी खाडा परवडत नाही. खाड्याचे पैसे मुकादम कापून घेतो. मग दुकानातील एखादी वेदनाशामक गोळी घेऊन कोयता चालूच राहतो. समजा, असा मजूर सहाव्या दिवशी गावी परतला व त्याचे केवळ अमायलेज तपासले. आकडा मर्यादेत येतो, ‘वायूचा त्रास आहे’ असे निदान होते आणि पित्ताशयातील खडा किंवा मद्यपान हे मूळ कारण तसेच राहते. पुढचा झटका अधिक गंभीर असू शकतो. म्हणून उशिरा आलेल्या रुग्णात लायपेज अवश्य मागवावे आणि प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर वेदना सुरू झाल्याचा दिवस व वेळ लिहावी.

तिपटीचा नियम

प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा तिच्या पद्धतीनुसार वेगळी असते. त्यामुळे दोन ठिकाणच्या अहवालांतील आकडे परस्परांशी न ताडता त्याच कागदावरील कमाल मर्यादेशी ताडावेत. २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार पुढील तीनपैकी दोन गोष्टी असल्यास तीव्र स्वादुपिंडशोथाचे निदान करतात : विशिष्ट स्वरूपाची वेदना, अमायलेज किंवा लायपेज कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन वा एम.आर.आय. मध्ये दिसणारी लक्षणे. वेदना नमुनेदार असून आकडा कमी असेल, तर प्रतिमाचित्रण करावे लागते. अहवाल नॉर्मल आहे एवढ्यावरून रोग नाही, असे ठरत नाही.

याउलट, आकडा वाढला म्हणजे स्वादुपिंडच बिघडले, असेही नाही. गालगुंड, वृक्कांची अकार्यक्षमता, जठराच्या व्रणाचे छिद्र, आंत्रावरोध, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा या अवस्थांतही अमायलेज वाढते. शेतकरी कुटुंबांत विशेष लक्षात ठेवावे असे कारण म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांची विषबाधा. लायपेज तुलनेने अधिक निर्णायक आहे. तथापि वृक्कविकारात तेही वाढू शकते. रक्तातील ट्रायग्लिसराइड फार वाढले असल्यास अमायलेजचा आकडा खोटाच कमी दिसतो, हेही ध्यानात घ्यावे.

आणखी एक गैरसमज दूर व्हावा. आकडा जितका मोठा तितका रोग गंभीर, असे नाही. गांभीर्य नाडी, श्वास, मूत्रप्रमाण आणि रुग्णाची शुद्ध यांवरून ठरते. तसेच जीर्ण स्वादुपिंडशोथात पेशीच क्षीण झालेल्या असल्याने दोन्ही आकडे नॉर्मल असू शकतात. तेलकट, दुर्गंधी, चिकट मल, वजनात घट आणि नव्याने उद्भवलेला मधुमेह ही त्याची खूण होय.

आपले कर्तव्य

वेदना पाठीत जाणारी व सतत असेल, वांत्या थांबत नसतील, नाडी द्रुत, श्वास लागणे, मूत्र कमी होणे, ज्वर किंवा कामला असेल, तर अहवालाची वाट न पाहता रुग्णास रुग्णालयात पाठवावे. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा बीडचे जिल्हा रुग्णालय, यांपैकी जे जवळ असेल ते निवडावे. आष्टी-पाटोद्याकडील रुग्णांस अहिल्यानगर सोयीचे पडते. सोबतच्या चिठ्ठीत वेदनेचा आरंभ, दिलेली औषधे आणि मद्यपानाचा इतिहास लिहावा. नाभीच्या वर दुखणाऱ्या प्रौढात हृदयविकाराची शंका घेऊन ई.सी.जी. काढण्यास सांगावे. अशा अवस्थेत वमन-विरेचनादी शोधनकर्मे करू नयेत.

औषधालयचालकांची जबाबदारीही मोठी आहे. हिंग्वष्टक चूर्ण किंवा शंखवटी मागणाऱ्या ग्राहकास ‘दुखणे किती दिवसांचे? पाठीत जाते काय?’ असे दोन प्रश्न विचारण्यास क्षणभरच लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच औषध पुन्हा मागितले, तर त्यास वैद्याकडे पाठवावे. मद्यजन्य स्वादुपिंडशोथ होऊन गेलेल्या रुग्णास आसव-अरिष्टे देण्यापूर्वी विशेष विचार करावा. त्यांत संधानाने निर्माण झालेले मद्य सामान्यतः ५ ते १० टक्क्यांच्या आसपास असते, आणि अशा रुग्णास मद्याचा पूर्ण त्याग हाच प्रमुख उपदेश असतो. तेथे चूर्ण, वटी किंवा क्वाथ हा पर्याय उपलब्ध आहे.

झटका शमल्यानंतर पथ्य, अग्नीचे रक्षण आणि व्यसनमुक्तीसाठी रुग्ण पुन्हा आपल्याकडेच येतो. त्या वेळी पित्ताशयाची सोनोग्राफी व ट्रायग्लिसराइडची तपासणी झाली आहे किंवा नाही, हे आवर्जून पाहावे. अमायलेज-लायपेज वारंवार करून घेण्याने रुग्णाचा खर्च वाढतो, मूळ कारण मात्र सापडत नाही. ऊसतोडीला निघणाऱ्या ज्या रुग्णास असा शूल पूर्वी होऊन गेला असेल, त्याच्याजवळ निदान, तारीख व धोक्याची लक्षणे लिहिलेला कागद द्यावा. तो परमुलखात असताना तेथील डॉक्टरांना त्याची पूर्वपीठिका सांगणारे दुसरे साधन नसते.