गिटार शिकूं इच्छिणारांस

मळवली स्टेशनावरून भाजे लेण्यांकडे जाणारी वाट आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या पायांखालची आहे. सूर्याचें म्हणून ओळखलें जाणारें शिल्प तेथील ज्या विहारांत आहे, त्याच विहारांत एक स्त्री वाद्य वाजवीत आहे व दुसरी नृत्य करीत आहे, असें एक लहानसें चित्र खडकांत कोरलेलें आहे. हीं लेणीं दोन हजार वर्षांहून अधिक जुनीं आहेत. तेव्हां मावळांत वाद्य ही कांहीं नवी वस्तु नव्हे. गांवोगांवच्या भजनांत वीणा, टाळ व पखवाज आजहि घुमत असतात. अलीकडे मात्र मुलामुलींच्या हातीं परदेशची एक पाहुणी दिसूं लागली आहे, ती म्हणजे गिटार. तिच्याविषयीं उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगाव्या, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

आम्हीं वारंवार पाहिलें आहे कीं, जून महिन्यांत मोठ्या हौसेनें घरीं आलेली गिटार दिवाळीच्या सुमारास भिंतीवर लटकत असते. मूल म्हणतें, "मला तें जमत नाहीं." आईबाप म्हणतात, "याच्या अंगीं ती कलाच नाहीं." एवढ्यावर प्रकरण मिटतें, आणि त्या मुलाच्या मनांत आपण संगीतास नालायक आहों अशी समजूत जन्मभर घर करून राहते. आमच्या मतें हा निकाल अन्यायाचा आहे. दोष बहुधा मुलाच्या अंगीं नसून दोन गोष्टींत असतो: एक, वाद्याची हेळसांड, व दुसरी, शिकण्याची घाई.

प्रथम वाद्याचें पाहूं. लोणावळें सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सहाशें मीटरांहून अधिक उंचीवर वसलें आहे. येथें वर्षास सरासरीनें ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. लांकूड हवेंतील ओलावा शोषून फुगतें. गिटारच्या पेटीवरची पातळ फळी फुगली म्हणजे तिजवरील घोडी किंचित् वर उचलली जाते, आणि तारा व पडदे यांमधील अंतर वाढतें. मग जी तार मे महिन्यांत सहज दबत होती, तीच ऑगस्टांत बोटास कापूं लागते. पोलादी तारांवर गंज चढून त्यांचा नादहि बसका होतो. नवशिक्या मुलास यांतलें कांहींच ठाऊक नसतें. तें बिचारें आपल्याच बोटांना दोष देतें.

यावर उपाय सोपे आहेत. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या. वाद्य बाहेरच्या ओल्या भिंतीस न टांगतां बंद पेटींत ठेवावें, व पेटींत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या वेळोवेळीं बदलाव्या. इतकें करूनहि तारा उंच वाटल्या, तर जाणत्या कारागिराकडून त्या खालीं आणवाव्या. चुलीजवळ किंवा उन्हांत वाद्य वाळविण्याचा उपाय मात्र कधीं करूं नये. त्यानें सरस सुटतो व लांकूड तडकतें. हा प्रमाद आम्हीं स्वतः एकदां केला आहे, आणि उकलून आलेली ती घोडी आजहि आमच्या घरीं साक्षीस आहे.

आतां वाद्याची रचना. सतारीचे पडदे सरकवितां येतात. गिटारचे पडदे दांडींत कायमचे बसविलेले असतात. दर पडद्यागणिक तारेची बोलती लांबी सुमारें अठराव्या हिश्शानें कमी होत जाते. ६५ सेंटिमीटर लांबीच्या तारेवर बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२.५ सेंटिमीटरांवर येतो, आणि तेथें तारेचा मूळ स्वरच वरच्या सप्तकांत मिळतो. हार्मोनियमच्या एका सप्तकांतील बारा काळ्यापांढऱ्या पट्ट्या जणूं या बारा पडद्यांत सामावल्या आहेत.

सहा तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावितात. सर्वांत जाड तारेचीं सेकंदास सुमारें ८२ कंपनें होतात व सर्वांत बारीक तारेचीं सुमारें ३३०. म्हणजे त्यांच्यांत दोन सप्तकांचें अंतर असतें. जाड तार पांचव्या पडद्यावर दाबली असतां शेजारच्या तारेचा स्वर मिळतो. हीच रीत पुढेंहि चालते. फक्त जी तारेवरून बी तार जुळवितांना चौथा पडदा धरावा. स्वर दाखविणारीं यंत्रें आज मोबाइलवरहि मिळतात. तीं जरूर वापरावीं. परंतु आधीं कानानें जुळवावें आणि मग यंत्रानें पडताळा घ्यावा, म्हणजे कान तयार होतो.

तार दाबतांना बोट पडद्यावर न ठेवतां त्याच्या अगदीं लगत, खुंट्यांच्या बाजूस ठेवावें. तेथें थोड्या जोरानें स्वच्छ स्वर निघतो. बोटांचीं टोकें पहिले कांहीं आठवडे दुखतात, व मग कातडी निबर होते. मनगट किंवा खांदा दुखूं लागला तर मात्र थांबावें, कारण तें बैठक चुकल्याचें चिन्ह आहे.

खरी अडचण कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा समूह, धरण्यांत नसून एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्यांत आहे. त्यासाठीं प्रथम ई व ए मायनर या दोनच कॉर्ड घ्याव्या. दोहोंत बोटांची ठेवण तीच आहे. सगळीं बोटें केवळ एक तार सरकतात. चार मात्रा एकीवर व चार दुसरीवर, अशी अदलाबदल इतक्या सावकाश करावी कीं, एकहि मात्रा चुकूं नये. चुकली तर चाल आणखी धीमी करावी. भजनांत बसून केरव्याच्या आठ मात्रा ज्याच्या हातांत मुरल्या आहेत, त्या मावळच्या मुलास हें काम शहरच्या मुलाहून सोपें जाईल. रोज पंधरावीस मिनिटें नेमानें वाजविणें हें रविवारीं दोन तास झुंजण्याहून अधिक फळ देतें. कारण हातास वळण लागण्यास मध्यें विश्रांति व झोप अवश्य असते.

गोव्यांत पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या शाळांतून मुलांना संगीताची लिपि शिकवीत, व व्हायोलिन हातीं देण्यापूर्वीं स्वर गळ्यांतून म्हणवून घेत. तेथें तयार झालेले कितीएक वादक पुढें मुंबईस आले आणि विसाव्या शतकाच्या मध्यास हिंदी बोलपटांच्या वाद्यवृंदांचा आधार झाले. आधीं गळा व मग बोट, हा त्यांचा क्रम गिटार शिकणारानेंहि पाळण्याजोगा आहे.

आणि ज्यास आपलीं बोटें कामाचीं नाहींत असें वाटतें, त्यानें जँगो राइनहार्ट याची हकीकत ऐकावी. हा युरोपांतील भटक्या जमातींत जन्मलेला वादक. १९२८ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्याच्या राहत्या गाडीस आग लागून त्याचा डावा हात भाजला. करंगळी व अनामिका कायमचीं आंखडलीं. त्यानें मुख्यत्वें उरलेल्या दोन बोटांवर भर देऊन सारी विद्या पुन्हां पहिल्यापासून शिकली. १९३४ सालीं पॅरिसमध्यें व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली याच्यासह त्यानें जो वाद्यवृंद उभारिला, त्यानें त्याचें नांव जगभर झालें.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, पहिल्या महिन्यांतच पाहुण्यांपुढें सिनेमाचें गाणें वाजवून दाखविण्याचा आग्रह मुलास करूं नये. लहान हातास लहान मापाची गिटार घ्यावी. आणि पावसाळ्यांत मूल कंटाळलें, तर त्याची परीक्षा करण्यापूर्वीं वाद्याची परीक्षा करावी.

१८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली. तेथें सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट उंची मिळते असा चढ आहे, आणि कर्जतहून वर येणाऱ्या पुष्कळ गाड्यांना आजहि मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. घाट बांधणारांनीं डोंगर सरळ रेषेंत चढण्याचा हट्ट धरला नाहीं, म्हणूनच गाडी लोणावळ्यास पोहोंचली. आमच्या विद्यार्थ्यांनीं हीच चाल धरावी, घरच्यांनीं मागून जोर द्यावा, आणि पुढील स्नेहसंमेलनांत निदान एक गाणें शुद्ध सुरांत व तालांत आम्हांस ऐकावयास मिळावें, हीच आमची इच्छा आहे.