पट्टा ओरडतो? साबण नको, पाना घ्या!

आपल्या जिल्ह्यात जुन्या गाड्यांचा शौक अजून गेलेला नाही. कोणाच्या वाड्यात आजोबांच्या वेळची अँबेसिडर उभी असते, कोणाकडे महिंद्राची जीप, कोणाकडे कमांडर. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबेसिडर १९५७-५८ पासून बाहेर पडत होती, ती २०१४ साली बंद झाली. सरकारी खात्यांच्या जुन्या जीपही गेल्या, कारण पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपली. खाजगी गाडी मात्र फिटनेस करून, पाच-पाच वर्षांची नोंदणी वाढवून रस्त्यावर ठेवता येते. तेव्हा अशी गाडी ज्यांच्या दारात आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे अल्टरनेटरच्या बेल्टचा.

सकाळी गाडी सुरू केली की पाच-दहा सेकंद चींऽऽ असा आवाज येतो आणि मग थांबतो. रात्री हेडलाइट लावले की पुन्हा येतो. मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले, "सायेब, ओरडते, पण चालते ना गाडी!" चालते हे खरे आहे. पण या जुन्या गाड्यांत एकच पट्टा तीन कामे करतो हे लक्षात घ्यावे. क्रँकच्या पुलीवरून तो अल्टरनेटर फिरवतो, वॉटर पंप फिरवतो आणि पंपावर बसवलेला पंखाही फिरवतो. म्हणजे पट्टा घसरला तर नुसती बॅटरी कमी चार्ज होते असे नाही, इंजिनातले पाणीही नीट फिरत नाही. यवतमाळचा मे महिना आपल्याला माहीत आहे. पारा ४४-४५ वर गेला असता रेडिएटरला आधीच दम लागलेला असतो.

पांढरकवडा-यवतमाळ रस्त्यावर अशाच दिवसांत एक डिझेल अँबेसिडर लग्नाचे वऱ्हाड घेऊन उभी राहिलेली मी पाहिली. पट्टा पंधरा दिवसांपासून ओरडत होता. ड्रायव्हर रोज त्याला साबण घासत होता. वाटेत पट्टा तुटला, डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागला. "दिवा तं नेहमीच लागते," म्हणून गाडी आणखी चार-पाच किलोमीटर हाकलली. इंजिन तापून हेड गॅस्केट उडाले. भर दुपारी बायामाणसे बाभळीच्या सावलीत बसून होती, आणि पुढे हेड खोलून फेसिंग करण्याचा खर्च मालकाच्या डोक्यावर बसला तो वेगळाच. गाडीत वऱ्हाडाऐवजी यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट असता तर?

पट्टा घसरतो का, ते आधी समजून घेऊ. हा पट्टा पाचरीच्या आकाराचा असतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर बाजूंनी धरून बसते, तसाच तो पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी पकड घेतो. त्याचा तळ खाचेच्या तळाला टेकता कामा नये. जुना पट्टा झिजून अरुंद झाला की खाली टेकतो आणि पकड जाते. पुलीच्या खाचेचा तळ चांदीसारखा चकाकत असेल तर हेच झाले आहे असे समजावे. स्टार्टर मारताना बॅटरी थोडी उतरते. ती भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो, तेव्हा तो फिरवायला जड होतो आणि सैल पट्टा घसरून किंचाळतो. हेडलाइटचेही तसेच. आपले पीठगिरणीवाले हे चांगले जाणतात, दाणे जास्त पडले की गिरणीचा पट्टा कसा बोंबलतो ते त्यांना कानानेच कळते.

पण प्रत्येक आवाज सैल पट्ट्याचा नसतो, आणि इथेच बरेच जण चुकतात. इंजिन हळू चालू असताना बाजूला उभे राहून, पिचकारीच्या बाटलीने पट्ट्याच्या आतल्या बाजूला थोडे पाणी मारावे. आवाज क्षणभर बदलला किंवा थांबला तर दोष पट्ट्यात, ताणात किंवा पुलीच्या ओळीत आहे. काहीच फरक पडला नाही आणि घरघर तशीच राहिली तर बेअरिंगकडे पाहावे. हे करताना उपरणे, सदऱ्याची बाही, साडीचा पदर जवळ नको. फिरता पंखा डोळ्याला दिसत नाही. पोरांना तर बॉनेटजवळ येऊच देऊ नये.

पुढचे काम इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून आणि ते थंड झाल्यावरच. अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टला बॅटरीचा थेट करंट असतो, म्हणून पाना लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. पट्टा उलटवून आतली बाजू पाहावी. काचेसारखी गुळगुळीत झाली असेल, आडव्या भेगा असतील, धागे निघाले असतील किंवा ऑइल पिऊन फुगली असेल, तर तो पट्टा ताणण्यात अर्थ नाही, बदलावा. ऑइल कुठून गळते तेही बंद करावे, नाहीतर नवा पट्टाही महिन्यात तसाच होईल.

पट्टा चांगला असेल तर दोन पुलींमधील सर्वांत लांब अंतराच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे. साधारण अर्धा इंच दबला तर ताण बरोबर. जास्त दबत असल्यास अल्टरनेटरचे खालचे बोल्ट थोडे ढिले करावे, वरच्या लांब खाचेच्या पट्टीचा बोल्ट ढिला करावा, आणि लाकडी दांड्याने अल्टरनेटर इंजिनापासून दूर रेटून धरून वरचा बोल्ट कसावा, मग खालचे. दांडा पुढच्या, पुलीकडच्या जाड भागाला लावावा. मागच्या पातळ झाकणाला टॉमी लावली की ते तडकते. "घट्ट तितके चांगले" हेही खरे नाही. तारेसारखा ताणलेला पट्टा ओरडणार नाही, पण वॉटर पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग खाऊन टाकेल.

पट्टा उतरवलाच आहे तर दोन्ही पुली हाताने फिरवून पाहाव्यात. खरखर लागली, किंवा पुली इकडून तिकडे हलली, तर बेअरिंग गेले. पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पाणी टिपकत असेल तर पंपाचे सील संपले आहे, मग नुसता पट्टा बदलून भागणार नाही.

जुन्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. मुळात या गाड्यांना डायनॅमो होता. इंजिन हळू चालताना त्याला करंट फार कमी, म्हणून पुष्कळांनी तो काढून दुसऱ्याच गाडीचा अल्टरनेटर बसवून घेतला. ब्रॅकेट जमवताना पुली दोन-चार मिलिमीटर पुढे-मागे राहते. मग पट्टा तिरपा पळतो, एका बाजूने झिजतो आणि चिमणीसारखा चिव-चिव करतो. कितीही ताणा, हा आवाज जात नाही. पुलींच्या खाचा सुतळी ताणून एका रेषेत येतात का ते पाहावे आणि वॉशर घालून अल्टरनेटर जागेवर आणावा.

साबण, मेणबत्ती, राळ, ग्रीस यातले काहीही पट्ट्याला लावू नये. आवाज दोन दिवस दबतो, त्यावर धूळ चिकटते, आणि वणीकडची कोळशाची धूळ असेल तर बोलायलाच नको.

नवा पट्टा पुलीवर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून चढवू नये, आतले धागे तुटतात. अल्टरनेटर पूर्ण आत ढकलून हाताने बसवावा. नवा पट्टा सुरुवातीला थोडा लांबतो, म्हणून एक-दोन दिवस गाडी चालवून ताण पुन्हा तपासावा. काही ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रांवर जोडीने पट्टे असतात. तिथे एक गेला तरी दोन्ही बदलावे, नाहीतर सगळा भार नव्यावर येतो.

रस्त्यात लाल दिवा लागलाच तर गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करावी आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. जुना पण धड असलेला पट्टा आणि दोन पाने डिकीत ठेवावे. दुकानात "अँबेसिडरचा द्या" एवढेच सांगून भागत नाही, पेट्रोल-डिझेलप्रमाणे आणि बदललेल्या अल्टरनेटरप्रमाणे माप वेगळे असते. जुन्या पट्ट्याच्या पाठीवरचा नंबर पुसण्याआधी बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवावा.