ईस्टर बेटाच्या मातीतलं गुपित

अनवाणी फिरूनही ईस्टर बेटावरच्या लोकांना धनुर्वात का होत नाही? या प्रश्नाचा पिच्छा पुरवत १९६४ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय मोहिमेतले जॉर्ज नोग्रादी प्रशांत महासागरातल्या त्या बेटावर उतरले. बेटाचे ६७ भाग पाडून त्यांनी प्रत्येक भागातली माती नळ्यांत भरून आणली.

धनुर्वात राहिला बाजूला! माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत त्या मातीतल्या एका जिवाणूकडून बुरशी मारणारं रसायन मिळालं. बेटाच्या रापा नुई या स्थानिक नावावरून ते झालं रापामायसिन.

या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता माणूस म्हणजे सुरेन सेहगल. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले, रापामायसिन वेगळं काढणारे शास्त्रज्ञ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, संशोधन गुंडाळलं. सेहगलांनी मात्र जिवाणूचे नमुने घरच्या फ्रीजरमध्ये जपले, वर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी डकवली आणि बिऱ्हाडाबरोबर अमेरिकेत प्रिन्स्टनला नेले. पुढे नव्या व्यवस्थापनाला त्यांनी गळ घातली. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून १९९९ मध्ये तेच मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मंजूर झालं. अशा चिवटपणाला माझा मनापासून सलाम.

औषध पेशीत नेमकं कुणाला गाठतं, याचा सुगावा १९९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये लागला. हाइटमन, मोव्वा आणि हॉल यांनी साध्या यीस्टमध्ये 'टॉर' जनुकं शोधली. सस्तन प्राण्यांतलं त्याचं रूप म्हणजे एमटॉर, २,५४९ अमिनो आम्लांचं अगडबंब प्रथिन. इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून त्यांना कामाला लावणारं हे काइनेज म्हणजे पेशीच्या बांधकामावरचा मुकादमच! अमिनो आम्लं, ऊर्जा, इन्सुलिनचा निरोप, सगळं असेल तर 'वाढा' म्हणतो. उपास पडला की बांधकाम थांबतं आणि पेशी आपलाच जुना कचरा मोडून वापरू लागते. या साफसफाईचा छडा लावणाऱ्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं.

आता उंदरांची गंमत. एमटॉरला झोपवणारं रापामायसिन त्यांचं आयुष्य वाढवतं का, हे पाहायचं होतं, पण ते त्यांच्या खाद्यात टिकेना. ते वेष्टनात बसवेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीचे झाले. तरीही प्रयोग झाला. २००९ चा निकाल असा : नव्वद टक्के उंदीर मरून जाण्याचं वय माद्यांत १४ टक्क्यांनी, तर नरांत ९ टक्क्यांनी पुढे गेलं. उतारवयात सुरू करूनही!

अमेरिकेत आता सात वर्षांपुढच्या पाळीव कुत्र्यांवर चाचणी चालू आहे. माणसाचं आयुष्य मात्र याने वाढल्याचं सिद्ध झालेलं नाही. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढू शकतं. शिवाय एमटॉरला कायमचं झोपवूनही चालत नाही : व्यायामानंतर स्नायू भरतात ते त्याच्याच जोरावर, आणि दूध, अंडी, डाळींतलं ल्युसिन त्यालाच जागं करतं.