ड्रॅग रेसच्या गाडीचे मागचे सस्पेन्शन : पार्ट घेण्याआधी थोडे विज्ञान



नववीच्या विज्ञानात पहिलाच पाठ 'गतीचे नियम' आहे. आपल्या शिरूर-खेड-आंबेगाव पट्ट्यात तो बैलगाडा शर्यतीवरून छान शिकवता येतो. घाट, बारी, सेकंद हे शब्द मुलांना पाठच असतात. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि घाट पुन्हा गजबजले. आता मोठी मुलं मोबाइलवर आणखी एक शर्यत बघतात, ती ड्रॅग रेस. सरळ रस्ता, बहुतेक वेळा पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, आणि घड्याळ. आपल्याच जिल्ह्यात आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाने अशी शर्यत झालेली आहे. मग वर्गात प्रश्न येतो, "सर, मागे मऊ स्प्रिंगा टाकल्या की गाडी मागून बसते आणि जोरात सुटते ना?"

गॅरेजमध्येही हेच ऐकायला मिळतं. मुलं त्यावर हजारो रुपये घालवतात, म्हणून नीट पाहू.

बैलगाड्यात जमिनीला ढकलण्याचं काम बैलांचे खूर करतात. गाड्याची चाकं फक्त फिरतात, म्हणून गाडा हलका तितका बरा. मोटारीत खूर आणि चाक एकच! मागची चाकं जमिनीला मागे ढकलतात आणि जमीन गाडीला पुढे ढकलते, हा न्यूटनचा तिसरा नियम. ही ढकल घर्षणातून मिळते आणि घर्षण चाकावरच्या भारावर अवलंबून असतं. म्हणजे सुटताना भार मागच्या चाकांवर आला पाहिजे, इथपर्यंत मुलाचं बरोबर आहे.

पण किती भार मागे जाईल हे स्प्रिंग ठरवत नाही. समजा गाडी १२०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अडीच मीटर आणि त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मं. तर

१२०० × ०.५ × ०.५ ÷ २.५ = १२० किलो

एवढा भार पुढून मागे सरकतो. या गणितात स्प्रिंग कुठेच नाही. पटत नसेल तर ट्रॅक्टर बघा. उसाची भरलेली ट्रॉली ओढताना त्याची पुढची चाकं हलकी होतात, कधी उचललीही जातात. आणि ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलला सहसा स्प्रिंग नसतेच!

मग सस्पेन्शनचं काम काय? एक तर तो भार किती पटकन आणि किती सलग चाकावर येतो, हे शॉकअप ठरवतात. दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेकांचं तिकडे लक्षच नसतं. जुन्या जीपखाली वाकून बघा. आडवा ॲक्सल, त्याचं हौसिंग आणि दोन बाजूंना कमानपाटे दिसतील. चाकं पुढे फिरतात तेव्हा हौसिंग उलट्या दिशेने फिरायला बघतं. इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.५ पट आणि डिफरन्शियल ४ पट धरलं तर ॲक्सलवर २८०० न्यूटन-मीटर पीळ येतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण २८५ किलो लटकवावेत, तेवढा! या पिळाने पाटा इंग्रजी 'एस' सारखा वाकतो, चाक घसरलं की झटक्यात सरळ होतो, पुन्हा वाकतो. चाक जमिनीवर थडाथडा उड्या मारतं. यात पकड जाते आणि जॉइंट, क्राउन तुटतात.

म्हणून पाट्यांच्या गाडीला पहिला खरा उपयोगी पार्ट म्हणजे ट्रॅक्शन बार. ही पाट्याखाली बांधलेली मजबूत पट्टी. तिचं रबरी टोक पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली टेकतं आणि पाट्याला पीळ घेऊ देत नाही. पाटा आणि ॲक्सलमध्ये ठोकळा घालून गाडी उंच करायची फॅशन आहे, तिने नेमकं उलट होतं. तरफ लांबते आणि पीळ वाढतो. पाट्याला वेल्डिंग तर नकोच, उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं.

त्याच्याही आधी टायर आणि बुश बघा. बुश ढिले असतील तर महागडे पार्ट वाया जातात. शॉकअप घेताना दबण्याचा आणि लांब होण्याचा विरोध वेगवेगळा जुळवता येतो का, ते विचारा. 'फोर लिंक' नावाची चार दांड्यांची रचना सर्वांत चांगली जुळवता येते, पण तिचे ब्रॅकेट चुकीच्या जागी बसले तर ब्रेक मारताना ॲक्सल भलतीकडे जातो. नवख्याने तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि गाडी कोणती आहे? आजच्या बहुतेक छोट्या मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्यात सुटताना भार ओढणाऱ्या चाकांवरून निघून जातो, मग मागे मऊ स्प्रिंग टाकून काय मिळणार? मागून बसलेली गाडी फोटोत छान दिसते, एवढंच.

बदल एका वेळी एकच करायचा आणि पहिल्या ६० फुटांचा वेळ वहीत लिहायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. प्रयोगवहीत आपण हेच तर शिकवतो.

पालकांनी एक लक्षात ठेवावं. परवानगी नसलेले बदल केल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा वेगळा गुन्हा. शर्यतीसाठी जुळवलेली गाडी वळणावर आणि ब्रेकला नेहमीसारखी वागत नाही, तेव्हा ती धावपट्टीवरच बरी.

मुलाला हात काळे करायचेच असतील तर त्याला अडवू नका. पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. काम करत शिकणं हीच तिथली पद्धत, आणि जीपचे भाग वापरून 'मेकबुल' हा छोटा ट्रॅक्टरही तिथे तयार झाला. वर्गात करायला सोपा प्रयोग असा : खेळण्यातल्या ट्रकची मागची चाकं घट्ट बांधा, त्याला पुढून स्प्रिंगकाट्याने ओढा आणि चाकं घसरतात तेव्हाचा आकडा लिहा. मग अर्धा किलोचं वजन आधी पुढच्या, नंतर मागच्या चाकांवर ठेवून पुन्हा ओढा. तिन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि मागे मऊ स्प्रिंग मागणाऱ्या मुलालाच ते समजावून सांगायला उभं करा.