सव्वा महिन्यानंतर

बाळंतिणीच्या अंगाची काळजी आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. तेल, शेक, शेगडी, कमरेला पट्टा. सव्वा महिना सरला की माणसं पांगतात. नेमक्या याच सुमाराला, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी, गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी आयांची मनं तपासली. २००२ साली निष्कर्ष आले: तपासलेल्यांपैकी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्याच्याशी गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं या गोष्टी निगडित होत्या. (शेवटची गोष्ट ‘जोखीम’ म्हणून टिपावी लागते, हे बोचतंच.) पुढच्याच वर्षीच्या अहवालात दिसलं, की अशा आयांच्या बाळांमध्ये सहाव्या महिन्यात कुपोषण जास्त आहे.

मन आईचं, वजन बाळाचं. मधे काय घडतं?

बाळ हुंकारतं, आई ‘काय गं बाय?’ म्हणते, बाळ पाय झाडतं. हा संवाद तुटला तर? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत आयांना काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळं आधी हसून, हातवारे करून आईला बोलावत. मग मान फिरवून घेत. खचलेल्या आईचा चेहरा दिवसच्या दिवस तसा राहू शकतो.

तान्हेपणीच्या नात्यावर पुढचं मन घडतं, या मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या जिव्हाळ्याच्या सिद्धांतावर उभी असलेली थेरपी म्हणूनच आई आणि बाळ दोघांना एकत्र घेऊन बसते. एका पद्धतीत आई बाळाला खेळवत असताना चित्रण करतात, मग तिच्याशेजारी बसून ते बघतात. चुका काढत नाहीत. ‘हे बघा, तुम्ही वाकलात आणि तो रडायचा थांबला’, एवढंच दाखवतात. लहानपणी जिला कुणी जवळ घेतलं नाही, तिला हे स्वतःचं रूप नवं असतं.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९पासून मानसिक आजार असलेल्या आईला बाळासह दाखल करून घेणारा विभाग आहे. पण इथून, जोयडा तालुक्यातल्या गुंदहून, ते अंतर साडेचारशे किलोमीटरांहून जास्त. त्यापेक्षा गोव्यातलाच एक प्रयोग इथल्या रानातल्या घरांना जवळचा. तिथे नैराश्य असलेल्या २८० गर्भवतींपैकी निम्म्यांना वस्तीतल्याच प्रशिक्षित आया भेटत राहिल्या, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. त्या गप्पांमध्ये आई-बाळाचं नातं हा एक ठरलेला विषय होता. सहाव्या महिन्यात या गटातल्या ७३ टक्के बायका नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या ६० टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही. खर्चही नाही.

सरकारी वेळापत्रकात आशाताईंची नवजात बाळासाठीची शेवटची घरभेट ४२व्या दिवशी असते. पुढची थेट तिसऱ्या महिन्यात.